खाटेखालचा पारा

सोमवारी सकाळी सहाच्या बसने आई निघून जायची ती शनिवारी संध्याकाळी परत यायची. बार्शीटाकळीच्या पुढे एका खेड्यात ती सरकारी नर्स होती. धाकटी सुजाता अजून शाळेत जात नव्हती, म्हणून तीही आईबरोबर असायची. अकोल्याच्या दोन खोल्यांत आठवडाभर मी आणि बाबा, एवढेच. रविवारचा सगळा दिवस आई आमच्या सहा दिवसांची सोय लावण्यात घालवी. ज्वारीचं पीठ डब्यात दाबून भरायचं, मिरच्या भाजून ठेचा कुटायचा, तुरीची डाळ निवडून ठेवायची. भाकरी थापायला मी दहाव्या वर्षी शिकले. पहिल्या काही महिन्यांत त्या कडेला फाटत. बाबा फाटलेली भाकर स्वतःच्या ताटात घेत आणि गोल जमलेली माझ्याकडे सरकवत. आईची बस सुटली की मी परत येऊन अंगण झाडी, चूल पेटवी. दूर तेलाच्या गिरणीचा भोंगा वाजला की शाळेची वेळ झाली असं समजायचं. घरात घड्याळ होतं, पण त्याला चावी द्यायची आठवण फक्त आईला राही.

बाबा दवाखान्यांतली बीपीची यंत्रं दुरुस्त करायचे. आता माझ्या टेबलावर जे यंत्र आहे ते मनगटाला बांधलं की आकडा दाखवून गप्प बसतं. तेव्हाची यंत्रं वेगळी होती. लोखंडी पेटी, तिच्या झाकणाला आतून काचेची उभी नळी, नळीशेजारी आकडे आणि नळीत वरखाली होणारा पारा. रबराचा फुगा फाटे, नळी काळी पडे, पारा मळून अडकू लागे. अकोल्यातल्या बहुतेक डॉक्टरांकडे बाबांची ये-जा होती आणि गुरुवारी ते पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरून अमरावतीचे दवाखाने करत. आमचं आडनाव वानखडे, पण डॉक्टर लोक त्यांना ‘बीपीवाले’ म्हणत. हे काम ते कुणाकडे शिकले नव्हते. एका दवाखान्यात शिपाई असताना बंद पडलेलं यंत्र त्यांनी उघडलं, जोडलं, ते चालू झालं, आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी हाच धंदा धरला. याचा त्यांना अभिमान होता. आमच्या वस्तीत डॉक्टरांच्या खोलीत चपला न काढता जाणारा तो एकच माणूस आहे, असं आत्या सांगत असे.

काम बाहेरच्या खोलीत चाले. खिडकीखाली पाट, पाटावर पकडी, नळ्या, कापडाचे बोळे. मळलेला पारा आधी औषधाने धुवायचा, मग मऊ कातड्याच्या तुकड्यात घेऊन पिळायचा. कातड्याच्या छिद्रांतून तो बारीक सरी धरून वाटीत उतरे आणि घाण कातड्यात राही. ओलावा राहिला तर पारा काचेला धरतो, म्हणून शेवटी तो ताटलीत घेऊन स्टोव्हवर थोडा गरम करायचा. ज्योत हलू नये म्हणून खिडकी बंद. उन्हाळ्यात ती तशीही बंदच असे. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आमचं छत टिनाचं होतं. सकाळी दहानंतर दार-खिडक्या लावून ओली चादर टांगायची आणि संध्याकाळपर्यंत आतल्या आत बसायचं. त्या बंद खोलीतले आवाज मला अजून ऐकू येतात. बाबा नखाने काचेवर टिचकी मारत, मग फुगा दाबत, मग हवा सोडत. टिच, टिच, आणि एक लांब फुस्स. दुपारभर तेवढंच. मी आतल्या खोलीत पालथी पडून अभ्यास करायची आणि तो आवाज थांबला की बाबा झोपले हे समजायचं. पाटाच्या पलीकडे भिंतीला लागून त्यांची खाट होती.

पाऱ्याबद्दल त्यांनी मला एकच ताकीद दिली होती. “तोंडात नाई घालायचा. बाकी काई होत नाई.” तेव्हा सगळे असंच समजत. खरं तर उलट होतं. गिळलेला पारा बराचसा जसाच्या तसा पोटातून निघून जातो. घातक असते ती वाफ, जिला ना वास ना रंग. उन्हाळ्यात ती जास्त सुटते आणि स्टोव्हवर तर विचारूच नका. हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. तेव्हा मी एकटी असायची म्हणून बाबा डब्याच्या झाकणात पाऱ्याचा एक थेंब मला खेळायला देत. झाकण हलवलं की थेंब धावे, बोट लावलं की फुटे, जवळ आणले की सगळे पुन्हा एक होत. माझ्याकडे बाहुली नव्हती असं नाही. पण बाहुली हलत नसे.

बाबा कसे होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते बोलणारे होते. जयंतीला आमच्या विहारासमोर मंडप पडे आणि दरवर्षी बाबांचं भाषण ठरलेलं असे. कागद नाही, काही नाही. उभे राहत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारख्या करत आणि सुरू होत. बायका पोरांना गप्प करून ऐकत. घरीसुद्धा भांडी घासता घासता ते माझ्याशी असे बोलत की जसं काही मीच सभा आहे.

हे कधी बदललं ते मला नेमकं सांगता येत नाही. आधी अक्षर गेलं. पावतीवरची अक्षरं बारीक होत गेली, मग वाकडी, मग बाबा म्हणू लागले, “तूच लिही व माय, तुयं अक्षर बरं हाय.” मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तोंडाला पितळेची चव येते म्हणत आणि भाकरीवर ठेचा वाढवत नेत. झोप उडाली. कप उचलला की बशीवर वाजे. एकदा वरण जरा करपलं म्हणून त्यांनी ताट भिंतीवर फेकलं आणि दुसऱ्याच क्षणी खाली बसून रडू लागले. मी वरण पुसलं. त्यानंतर त्यांना माणसांची लाज वाटू लागली. लाज हाच शब्द बरोबर आहे. शेजारच्या काकू दारात आल्या तरी ते स्वयंपाकघरात दाराआड जाऊन उभे राहत आणि हाताने खूण करत, सांग, बाबा घरी नाईत म्हणून. काकूंना दाराखालून त्यांचे पाय दिसत. त्यांनी वस्तीत सांगितलं की बीपीवाला प्यायला लागला. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

आठवड्यातून दहा-बारा दवाखान्यांत त्यांचं जाणं होतं. तिथे त्यांना चहा मिळे, यंत्र मिळे, कधी ‘वानखडे, तब्येत उतरली तुमची’ असंही ऐकायला मिळे. एका डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी कुणाला दोष देत नाही. पुढे मी स्वतः विद्यार्थ्यांना पाऱ्याच्या विषबाधेचा धडा शिकवला तेव्हा पाहिलं की परीक्षेत एका गुणाला येणारी ही गोष्ट आहे. समोर चहा पिणाऱ्या माणसात ती कुणाला दिसावी?

त्या वर्षी जयंतीला आई रजा घेऊन आली होती. मंडपात तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो. बाबांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, माइकपर्यंत गेले, बाह्या सारख्या केल्या. मग नुसते उभे राहिले. त्यांचा उजवा हात माइकच्या दांडीवर होता आणि हाताबरोबर दांडी हलत होती. स्पीकरमधून खडखड असा आवाज येऊ लागला, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा. कुणीतरी हसलं. बाबांनी हात काढून घेतला, समोर पाहिलं, आणि मागच्या कनातीतून बाहेर निघून गेले. आई पदर डोक्यावर ओढून बसून राहिली. मी त्यांच्या मागे गेले. ते घरी पाटापाशी बसले होते आणि रिकाम्या नळीला टिचक्या मारत होते. मी पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आई परत कामावर गेली.

मे महिन्यात शाळा नव्हती. बाबा सकाळी दवाखाने करायला जात आणि मी एकटी. माझ्या तळहातांची कातडी सुट्टी लागायच्या आधीच सोलून निघू लागली होती. शाळेत बाईंनी मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं, कारण इतर मुलींना लागेल अशी त्यांना शंका होती. सुट्टीतही कुणी खेळायला बोलवत नव्हतं. अशा एका सकाळी मी स्टूल घेऊन फळीवरची पाऱ्याची बाटली काढली. झाकणातला एक थेंब मला पुरेनासा झाला होता, मला सगळा पारा एकदम पाहायचा होता. बाटली दोन बोटांएवढी, पण हाताला दगडासारखी जड. एवढ्या वजनाची तयारी हाताने केली नव्हती. ती सुटली आणि खाटेच्या पायावर आपटून फुटली.

पारा खाटेखाली पसरला. मी हाताने गोळा करायला गेले तर प्रत्येक थेंबाचे दहा होत होते. कागदावर घेऊन थोडा एका औषधाच्या बाटलीत भरला, तो चमचाभरही नव्हता. बाकीचा शहाबादी फरश्यांच्या फटींत उतरत होता. बाबा यायची वेळ झाली होती. मला त्यांची भीती वाटत होती, आणि आधी कधी वाटत नव्हती म्हणून जास्तच वाटत होती. मी केरसुणी घेतली आणि उरलेलं सगळं त्या फटींत लोटलं. वरून माती टाकली, सतरंजी ओढली आणि खाट पुन्हा जागेवर सरकवली. काचा आणि ती औषधाची बाटली घरामागच्या नालीत टाकली. हे सगळं करताना आत्याने दिलेली बारीकशी सोन्याची अंगठी माझ्या बोटात होती. हात धुताना पाहिलं तर ती पांढरी झाली होती. राखेने घासली, चिंचेने घासली, काही उपयोग झाला नाही. मी ती काढून दप्तरात ठेवली.

दुपारी बाबा आले, जेवले आणि त्या खाटेवर झोपले.

बाटली नाही हे त्यांच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. सगळी फळी त्यांनी खाली काढली. पेट्या उघडल्या, माझ्या कपड्यांत पाहिलं, पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला. मी चुलीपाशी बसून पाहत होते. त्यांनी मला विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलं असतं. त्यांनी मला विचारलंच नाही. ते दाराच्या चौकटीला टेकून स्वतःशीच म्हणाले, “म्या कोठी ठेवली, मलेच समजून नाई राहिलं. डोक्सं गेलं माय.” त्या दिवसापासून ते पेन्सिलीने भिंतीवर लिहू लागले. पकड डब्यात. कातडं खिळ्याला. स्टोव्हची पिन खिडकीत. थरथरत्या अक्षरांच्या त्या ओळी पाटामागच्या भिंतीवर वाढत गेल्या. आपल्याला काही आठवत नाही याची त्यांची खात्री पटली ती माझ्यामुळे. मी रोज ती भिंत वाचत असे आणि रोज ठरवत असे की आज सांगायचं. जून लागला तसे ते उठून दवाखान्यांना जाईनासे झाले. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी वरण-भाकर त्यांच्या उशाशी ठेवी आणि बाहेर ओट्यावर बसून जेवी, कारण कुणी पाहत असलं की त्यांचा घास तोंडापर्यंत पोचत नसे.

जुलै संपत आला तेव्हा अंगठी आईला सापडली. शनिवारी ती दप्तर धुवायला बसली आणि अंगठी खाली पडली. तिने ती उचलून उजेडात धरली.

“हे चांदीची कोठून आली? सोन्याची कोठी गेली?”

“तीच हाय आई,” मी म्हणाले. “पांढरी झाली.”

“सोनं कधी पांढरं होते का?”

माझ्याशी एवढंच बोलून ती बाहेरच्या खोलीत गेली. दोन महिने बाबांनी घरात काही आणलं नव्हतं आणि वस्तीतलं बोलणं तिच्याही कानावर होतं. दारूसाठी त्यांनी पोरीची अंगठी विकली आणि बदल्यात ही घालायला दिली, असं तिच्या मनाने घेतलं. तिने त्यांना शांतपणे विचारलं. बाबा उठून बसले. विकली नाही एवढं म्हणायलाही त्यांना जमेना. ओठ हलत होते, मान हलत होती. मग ते तिच्या बाजूने वाट काढून स्वयंपाकघरात गेले आणि नेहमीच्या जागी, दाराआड उभे राहिले. आपल्याच बायकोपासून ते लपले होते. आईने दार ओढलं नाही. ती बाहेरच जमिनीवर बसली आणि सुजाताला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

रविवारी सकाळी ती मला घेऊन सराफ्यात गेली. अंगठी खोटी आहे असं तिला कुणाकडून तरी ऐकून घ्यायचं होतं, म्हणजे मग पुढचं ठरवता आलं असतं. पुढचं काय, ते तिने मला सांगितलं नव्हतं, पण निघताना तिने माझे कपडेही पिशवीत भरलेले मी पाहिले होते. आत्याने जिथून अंगठी घेतली होती ते दुकान एका म्हाताऱ्या सोनाराचं होतं. त्यांनी अंगठी हातात घेतली, काचेतून पाहिली, नखाने खरवडली आणि कागदावर ठेवून जरा लांब सरकवली.

“सोनं तुमचंच हाय, बाई. कोणी बदललं नाई. याले पारा लागला.” मग माझ्या हातांकडे पाहून त्यांनी विचारलं, “घरी पारा कोठून आला?”

आईने बाबांचं काम सांगितलं. म्हाताऱ्या सोनारांनी काच खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं ते वाक्य मी आजवर विसरले नाही. “त्याइचा हात थरथरते का?”

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. ती नर्स होती. हात थरथरतो, झोप नाही, दात हलतात, हे ती रोज दुसऱ्यांच्या घरी विचारून कागदावर लिहीत असे.

सोनारांनी आपल्या थोरल्या भावाचं सांगितलं. तो मुलामा द्यायचं काम करायचा. सोनं पाऱ्यात कालवून भांड्यावर लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. “पयले हात गेले, मंग माणसाइले भ्याले लागला. गिऱ्हाईक आलं का माजघरात लपे. आमी म्हटलं याले बाहेरचं काई लागलं. देवऋषी केले.” त्यांनी अंगठी परत दिली. तापवून ती पुन्हा पिवळी करता येईल, पण आपण ते आता करत नाही, असं म्हणाले. “त्याइले त्या घरातून काढा. आजच काढा.”

रस्त्यात आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “काल मी त्याइले काय विचारलं व.” आणि उठून भराभर चालू लागली.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने आम्ही बाबांना अमरावतीला आत्याकडे नेलं. गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. आईने सगळा वेळ त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, थरथर थांबवायला की आणखी कशासाठी, कोण जाणे. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना भरती केलं. दिवसभराची लघवी बाटलीत जमवून तपासायला नागपूरला पाठवली आणि चिठ्ठी आली तेव्हा आमच्याकडे पाहणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. मलाही तपासलं. माझ्यातही पारा होता, कमी. बाबांना कमरेत इंजेक्शनं सुरू झाली. ती फार दुखत आणि त्यांना सडक्या लसणासारखा वास येई. मला घरातलं काहीही परत आणायची परवानगी नव्हती. कपडे, वह्या, बाहुली, सगळं तिथेच राहिलं. आई सामान टाकायला अकोल्याला गेली तेव्हा घरमालकाने फरश्या उचलल्या होत्या. परत येऊन ती आत्याला सांगत होती, की पाटाखाली होता तेवढा होता, पण खाटेखाली मातीत नुसता चमकत होता. “तेथं तं हे काम करत नव्हते. हातातून सांडत असन त्याइच्या, समजत नसन.” मी बाजूला पाटीवर गणित करत होते. मी गणित करत राहिले.

मी आत्याकडे राहून अमरावतीत शिकले. आत्याच्या घरी माणसं पुष्कळ होती, पण मला पंगतीत शेवटी बसायची सवय लागली ती गेली नाही. कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं आणि पुढे जीवरसायन. सगळ्यांना वाटे हुशार म्हणून घेतलं. मला एकच गोष्ट पाहायची होती, आणि ती मला कळली ती अशी. पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात येते आणि पेशीच्या कडेचा जो पातळ, तेलकट पडदा असतो त्यातून विनाअडथळा आत शिरते. पेशीत नेहमीची घाण निस्तरायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते आपलं काम करायला जातं आणि पाऱ्याचं रूप पालटून टाकतं. त्या नव्या रूपात पारा पडद्यातून बाहेर येऊ शकत नाही. मग तो आत गंधक शोधतो. आपल्या प्रथिनांच्या घड्या जागोजागी गंधकावर पेललेल्या असतात. पारा त्याला धरतो तो सोडत नाही, आणि घडी मोडलेलं प्रथिन काम करेनासं होतं. पेशीचं रक्षण करणारा जो पदार्थ असतो त्यातही गंधकच, तोही यातच संपतो. मज्जापेशीच्या लांब धाग्याला आतून ताठ ठेवणाऱ्या नळ्या सुटतात. शिसं वेगळ्या वाटेने येतं, कॅल्शियमच्या नावावर. कॅडमियम जस्ताची जागा बळकावतं आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षं बसतं. या दोघांना पेशी तिला हवा तो धातू समजून आत घेते, पण शेवट सारखाच. बाबांच्या इंजेक्शनातही गंधकच होता. त्याने रक्तातला पारा ओढून काढला. मेंदूतला तसाच राहिला, आणि मज्जापेशी मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. एकदा एका मुलीने विचारलं, किती दिवसांत होतं हे? मी सांगितलं, सांगता येत नाही. ते खरंच होतं. बाबांच्या पाटावर रोज सांडत होतं, रोज स्टोव्ह पेटत होता. माझी बाटली त्यात किती, हे कुठल्याच तपासणीत वेगळं निघत नाही. पण दोन महिने त्यांचं डोकं त्या फटीपासून हातभर अंतरावर होतं, हेही मला माहीत होतं.

बाबा बरे झाले, काही अंशी. राग गेला, झोप आली, कप वाजणं कमी झालं. यंत्रांना ते पुन्हा लागले नाहीत. आईच्या क्वार्टरमागे ते वांगी, मिरच्या, भेंड्या लावत. माणसांत येत, बसत, हसत. भाषण मात्र पुन्हा केलं नाही आणि कुणी कर म्हटलं नाही. गोष्टी त्यांच्या ध्यानातून निसटत. काल कोण आलं होतं ते आज आठवत नसे.

एमएस्सीच्या निकालानंतरच्या थंडीत मी चार दिवस घरी गेले होते. आई फिरतीवर होती. बाबा ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. एक शेंग उघडायला त्यांना वेळ लागे, आणि दाणे अर्धे टोपल्याबाहेर पडत. मी त्यांच्यासमोर बसले आणि जे बारा वर्षं बोलले नव्हते ते बोलले. “बाबा, अकोल्याले पाऱ्याची बाटली हरवली होती न, ते मी फोडली. तुमच्या खाटेखाली फटीत लोटून देलं सगळं. तुमी शोधून राहिले होते तवा मी गप बसली.”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “कोणती बाटली?”

मी सांगितली. दोन बोटांएवढी, फळीवरची, जड. भिंतीवर तुम्ही पेन्सिलीने लिहायला लागले त्याच्या आधी. ते मन लावून ऐकत होते. कपाळावर आठ्या घालून ते कुठेतरी शोधत होते आणि तिथे काही नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भिंत नव्हती, बाटली नव्हती. माफ करायला जे आठवायला हवं होतं तेच गेलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. माझे डोळे कसे झाले असतील कोण जाणे.

“हो हो,” ते म्हणाले. “आठवते न. तू रडून राहिली होती तवा. मी म्हटलं, रडू नको व माय, बाटलीच तं होती. मंग आपण दोघंई जेवाले बसलो.”

मी रडले नव्हते. त्यांनी काही म्हटलं नव्हतं आणि त्या दुपारी ते एकटेच जेवले होते. बाबा पुन्हा शेंगा सोलू लागले, समाधानाने, काहीतरी नीट जागेवर ठेवल्यासारखे. मी खाली पडलेले दाणे वेचू लागले.

“भाजी कायची होती?” मी विचारलं.

“आंबाडीची,” बाबा लगेच म्हणाले. “तूच केली होती.”